संप्रेरकांचा ताळेबंद

स्वमग्न मुलाला घेऊन बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात येणाऱ्या आईबापांच्या पिशवीत अलीकडे एक जाडजूड फाईल असते. मूल कशाला भिते, कशाने हरखते, हाक मारली असता वळून पाहते की नाही, याचा त्या फाईलीत एका ओळीचाही दाखला नसला, तरी कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, ड जीवनसत्त्व, थायरॉईडची तिन्ही मापे, अशा नाना संप्रेरकांचे अहवाल मात्र तारीखवार लावलेले असतात. छापील मर्यादेच्या बाहेर पडलेल्या आकड्यापुढे ठळक खूण असते, आईबापांची नजर त्या खुणेवर खिळते, आणि मग ज्याचे उत्तर देताना कोणाही सहृदय वैद्याची जीभ अडखळावी असा प्रश्न येतो: "हा आकडा जागेवर आणला, की पोर बोलायला लागेल ना?"

प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो विचारणाऱ्यांच्या पदरी दोष घालण्याचा माझा हेतू नाही. ज्या व्यथेचे कारण हाती लागत नाही, जिच्या निदानासाठी रक्ताची एकही तपासणी उपलब्ध नाही, आणि जिच्यावरील उपाय म्हणजे वर्षानुवर्षे चालणारी वाचोपचाराची, खेळाची नि शिकवणीची चिकाटी, त्या व्यथेच्या संदर्भात कागदावरचा एखादा निश्चित आकडा हा बुडत्याला काडीचा आधार वाटावा यात नवल नाही. नवल वाटते ते त्या आकड्यावर औषधाची चिठ्ठी लिहून मोकळे होणाऱ्यांचे. स्वमग्नतेच्या बाबतीत संप्रेरकांचे मोजमाप हा संशोधनाचा रास्त विषय आहे. परंतु त्या मोजमापावरून मुलावर उपचार करण्याचा अधिकार आजमितीस त्या आकड्याने कमावलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा जो इतिहास आहे तो मराठी वाचकांपुढे यावा एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण ज्या संप्रेरकाचे आहे, ते योगायोगाने मानवाला सापडलेले पहिलेच संप्रेरक होय. १९०२ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेढा त्याच्या सर्व मज्जातंतूंपासून विलग केला, त्यात सौम्य आम्ल सोडले, आणि मेंदूशी कसलाही संबंध उरलेला नसताना स्वादुपिंडातून रस पाझरू लागल्याचे पाहिले. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात वाटले, गाळले, आणि तो द्राव कुत्र्याच्या शिरेत टोचला. स्वादुपिंड पुन्हा पाझरले. निरोप तारेने नव्हे, रक्तामार्गे गेला होता. त्या निरोप्याला सिक्रेटिन हे नाव मिळाले, आणि पुढे तीन वर्षांनी स्टार्लिंगने अशा साऱ्या द्रव्यांसाठी हॉर्मोन ही संज्ञा रूढ केली. पुढची नव्वद वर्षे सिक्रेटिनचा वैद्यकातील उपयोग इतकाच, की दुर्बिणीच्या तपासणीत स्वादुपिंड नीट काम करते की नाही हे पाहण्यासाठी त्याची एक मात्रा शिरेतून द्यावी.

१९९६ साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात अशीच एक मात्रा एका लहान स्वमग्न मुलाला देण्यात आली. कारण एवढेच, की त्याचा जुलाबाचा विकार काही केल्या हटत नव्हता. तपासणीनंतर त्याचे पोट सुधारले, झोप सुधारली, आणि जे शब्द त्याच्या तोंडून गेले होते ते परत येऊ लागले, असे त्याच्या आईने नोंदवले. आणखी दोघा मुलांच्या बाबतीत तसाच अनुभव आला, आणि कारोली होर्व्हाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या तीन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीन मुले, तुलनेसाठी चौथे नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने ही कथा देशभर पोचवली, आणि पुढच्या काही महिन्यांत सिक्रेटिनचा साठा बाजारातून नाहीसा झाला. डुकराच्या आतड्यापासून काढलेले, केवळ एकदा तपासणीपुरते वापरण्यास परवानगी असलेले हे द्रव्य हजारो मुलांच्या शिरांत पुनःपुन्हा टोचले गेले, आणि त्यापायी कर्ज काढणारे, दुसऱ्या राज्यांत धाव घेणारे पालक वृत्तपत्रांचे विषय झाले.

अशा वेळी शास्त्राने करायचे असते तेच एड्रियन सँडलर आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिना राज्यात केले. त्यांनी स्वमग्न व तत्सदृश मुलांचे दोन गट पाडले, एकाला सिक्रेटिनची एक मात्रा आणि दुसऱ्याला निव्वळ मीठपाणी टोचले, आणि कोणाला काय दिले हे मुलाला, आईबापांना वा तपासणाऱ्यांना कळू दिले नाही. अखेर छप्पन मुलांचा हिशेब लागला. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. डिसेंबर १९९९ मध्ये हा निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आला, आणि त्या निबंधात एक वाक्य असे आहे, की जे मला साऱ्या कोष्टकांहून अधिक विचारप्रवर्तक वाटते: निकाल समजावून सांगितल्यानंतरही त्या मुलांपैकी एकोणसत्तर टक्के मुलांच्या पालकांना आपल्या अपत्यासाठी सिक्रेटिन हवेच होते. पुढे अशा चाचण्या एकूण सोळा झाल्या, नऊशेहून अधिक मुले त्यांतून गेली, आणि त्या सर्वांचा एकत्र मुलाहिजा घेणाऱ्या समीक्षेने सिक्रेटिनचा गुण येत नाही असा निर्वाळा दिला.

आता, मीठपाण्याने मुले सुधारली कशी? या प्रश्नाला बगल देऊन आईबापांना भाबडे ठरवणे हा शास्त्राच्या नावावर चालणारा उर्मटपणा आहे. पालक सांगत होते ते खोटे नव्हते. स्वमग्न मूलही वाढते, शिकते. महिन्यापूर्वी जे त्याला जमत नव्हते ते आज जमते, आणि ही वाढ एका लयीत न होता थांबत, उसळत होते. औषधाकडे धाव घेतली जाते ती बहुधा सर्वांत वाईट दिवसांत, आणि सर्वांत वाईट दिवसांनंतर येणारे दिवस, काहीही केले नाही तरी, थोडे बरे असण्याचाच संभव अधिक. शिवाय सुई टोचून आल्यावर आईचे डोळे मुलाच्या प्रत्येक हालचालीवर लागतात, त्याच्याशी ती अधिक बोलते, त्याच्या अर्ध्या हुंकारालाही प्रतिसाद देते. आणि अशा अवधानाचा मुलावर परिणाम होतो हे कोण नाकारील? सिक्रेटिनच्या वाट्याला गेलेल्या यशात आईच्या पदराखालचा वाटा किती, याचा हिशेब मीठपाण्याशी तुलना केल्यावाचून लागूच शकत नाही. तीन मुलांचा वृत्तांत आणि छप्पन मुलांची चाचणी यांत फरक आहे तो हाच.

सिक्रेटिनच्या प्रकरणात निदान एवढे तरी म्हणता येईल, की त्या मुलांच्या रक्तात सिक्रेटिन कमी होते असा दावा मुळात पुढे आलेला नव्हता. त्याआधीचे सेरोटोनिनचे प्रकरण आमच्या प्रस्तुत विषयाला अधिक लागू पडते, कारण तेथे आकडा खरोखरीच चढलेला होता. सेरोटोनिन हे मज्जापेशींचे संदेशद्रव्य म्हणून प्रसिद्ध असले, तरी शरीरातील त्याचा बहुतांश आतड्यात तयार होतो आणि रक्तातील बिंबिकांतून हिंडतो. त्यामुळे त्याला संप्रेरकांच्या पंगतीत बसवण्याचाही प्रघात आहे. १९६१ साली शेन आणि फ्रीडमन यांनी काही स्वमग्न मुलांच्या रक्तात हे द्रव्य नेहमीपेक्षा जास्त असल्याचे दाखवले, आणि नंतर अनेक देशांत, अनेक पद्धतींनी ते पडताळले गेले. सर्वच मुलांत नव्हे, पण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास मुलांत ते चढलेले आढळते. स्वमग्नतेच्या रसायनशास्त्रात इतका टिकाऊ आकडा दुसरा क्वचितच असेल.

मग पुढची पायरी कोणालाही सुचावी अशीच होती: चढलेला आकडा उतरवा. फेनफ्लुरामिन या भूक मारणाऱ्या औषधाने रक्तातील सेरोटोनिन उतरते हे ठाऊक होते, आणि १९८२ साली तीन मुलांवर (पुन्हा तीनच!) ते देऊन पाहिल्याचा आशादायी वृत्तांत अमेरिकेतून आला. पाठोपाठ मोठ्या चाचण्या झाल्या. सेरोटोनिन उतरले, ज्यांचे चढलेले होते त्यांचे उतरले, ज्यांचे मुळातच प्रमाणात होते त्यांचेही उतरले. प्रयोगशाळेच्या दृष्टीने उपचार पूर्णपणे सफल झाला होता, आणि मूल जेथे होते तेथेच होते. १९९७ साली हृदयाच्या झडपांना अपाय होतो असे दिसून आल्यावर ते औषध बाजारातून मागे घेण्यात आले. आकडा हा रोगाचा साक्षीदार असू शकतो, आरोपी असेलच असे नाही. साक्षीदाराला शिक्षा देऊन गुन्हा मिटत नाही, हे न्यायाच्या दरबारात जितके उघड, तितके वैद्यकाच्या दरबारात होण्यास पंधरा वर्षे लागली.

आकडा साक्षीदार म्हणून तरी विश्वासू आहे काय, हेही एकदा तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी रक्त घेण्याच्या त्या खोलीत क्षणभर उभे राहावे. भिंतीवर ट्यूबलाईट भुणभुणते आहे. आपल्याला तिचा आवाज ऐकूही येत नाही, परंतु या मुलाने दोन्ही कानांवर हात घेतले आहेत. स्पिरिटचा उग्र दर्प. वडिलांनी मांड्यांत पाय धरले आहेत, आईने डोके छातीशी दाबले आहे, दंडाला आवळलेला रबरी पट्टा मुलाला कोणत्याही सुईपेक्षा असह्य होतो आहे, आणि रक्त काढणाऱ्या बाई, ज्यांचा यात काहीच अपराध नाही, "झालं हं बाळा, झालं" म्हणत दुसऱ्यांदा शीर शोधत आहेत. या धुमश्चक्रीतून निघालेल्या नळीतले कॉर्टिसॉल वाढलेले आले, तर ते स्वमग्नतेचे मानावे की त्या पाऊण तासाचे? कॉर्टिसॉल हे तर संकटाच्या वेळी चढणारेच संप्रेरक. त्यात ते पहाटे चढते, जागे झाल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठते आणि मध्यरात्रीपर्यंत ओसरत जाते. एका नळीवरून त्याविषयी निवाडा देणे म्हणजे आषाढातल्या एका दिवशी पुलावरून पाणी पाहून नदीच्या वर्षभराच्या प्रवाहाचा हिशेब मांडणे होय.

ज्या संशोधकांना कॉर्टिसॉलविषयी खरेच काही जाणून घ्यायचे असते ते सुई वापरत नाहीत, लाळ वापरतात, आणि दिवसातून अनेकदा घेतात. अमेरिकेतील ब्लाइथ कॉर्बेट यांनी अशा रीतीने स्वमग्न मुलांचे कॉर्टिसॉल मैदानावर, अनोळखी सवंगड्यांशी खेळताना मोजले, आणि इतर मुलांना जेथे मजा वाटते तेथे यांच्यापैकी पुष्कळांचे कॉर्टिसॉल चढते असे दाखवले. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते, कारण त्याच्यातून निघणारा उपाय गोळीचा नाही. मधल्या सुटीच्या गोंगाटात या मुलाला एखादा शांत कोपरा द्यावा, खेळात एकदम दहा जणांत न लोटता एका समंजस सवंगड्यापासून सुरुवात करावी, असे शाळामास्तरांना सांगणारा तो आकडा आहे.

ऑक्सिटोसिनची कथा याहून अलीकडची आणि याहून मोहक. हे संप्रेरक आपल्याकडे दोन ठिकाणी सर्वपरिचित आहे: बाळंतिणीच्या खोलीत, कळा वाढवण्यासाठी नि रक्तस्राव थांबवण्यासाठी, आणि चोरीछुपे गोठ्यात, पान्हा चोरणाऱ्या म्हशीला टोचण्यासाठी. ज्या इंजेक्शनाचा गवळ्याने दुरुपयोग करू नये म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली त्याच्या उत्पादनावरच निर्बंध घातले, आणि त्याच वर्षाअखेर दिल्ली उच्च न्यायालयाला ते निर्बंध रद्द करावे लागले, तेच द्रव्य पाश्चात्त्य नियतकालिकांत 'प्रेमाचे संप्रेरक' म्हणून मिरवत होते, हा विरोधाभास आमच्याकडील कोणा विनोदी लेखकाच्या नजरेतून सुटला याचे आश्चर्य वाटते. २००५ साली झुरिचच्या एका प्रयोगात नाकावाटे ऑक्सिटोसिन घेतलेल्या तरुणांनी पैशाच्या खेळात परक्यांवर अधिक विश्वास टाकला असे प्रसिद्ध झाले, आणि मग स्वमग्न मुलांच्या एकलेपणाचे मूळ याच द्रव्याच्या उणिवेत असावे, ही कल्पना वाऱ्यासारखी पसरली.

परंतु उणीव होती कोठे? स्टॅनफर्डच्या कॅरन पार्कर व सहकाऱ्यांनी स्वमग्न मुले, त्यांची भावंडे आणि त्यांच्याशी नाते नसलेली मुले, अशा तिघांचे रक्त २०१४ साली ताडून पाहिले, आणि तिन्ही गटांत ऑक्सिटोसिनचे प्रमाण सारखेच भरले. हे द्रव्य रक्तात काही मिनिटेच टिकते, मोजण्याची पद्धत बदलली की आकडा कित्येक पटींनी बदलतो, आणि रक्तातील प्रमाणावरून मेंदूतील प्रमाण कळत नाही, या अडचणी आणखी वेगळ्या. तरीही फवाऱ्याची परीक्षा घेणे योग्यच होते, आणि ती अखेर व्हावी तशी झाली: तीन ते सतरा वर्षे वयाची २९० मुले, चोवीस आठवडे, रोज नाकात फवारा, निम्म्यांच्या कुपीत ऑक्सिटोसिन नि निम्म्यांच्या कुपीत केवळ पाणीसदृश द्राव. २०२१ साली लिन्मेरी सिकिच यांच्या नावाने निकाल आला. समाजापासून दूर राहण्याच्या वृत्तीचे जे माप घेतले होते ते एका गटात ३.७ ने उतरले होते, दुसऱ्यात ३.५ ने. कुपी कोणती होती याने काही अडले नाही.

येथवर जे सांगितले त्यात निराशा आहे, दुष्टावा नाही. टेस्टोस्टेरॉनच्या प्रकरणात तोही आहे. मुलींपेक्षा मुलांत स्वमग्नता कितीतरी अधिक आढळते, त्यामुळे पुरुषी संप्रेरकांवर संशय जाणे अपरिहार्य होते, आणि केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांनी त्या संशयाची पद्धतशीर तहकीकात केली. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले गर्भजलाचे नमुने काढून, पुढे ज्यांना स्वमग्नतेचे निदान झाले त्या मुलग्यांची गर्भावस्थेतील संप्रेरके इतरांशी ताडली असता, केवळ टेस्टोस्टेरॉनच नव्हे तर त्या साखळीतील अनेक द्रव्ये सरासरीने वरच्या बाजूस असल्याचे दिसले. सरासरीने, हा शब्द येथे अधोरेखित करावा. दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते, की एका नमुन्यावरून कोणाचे भवितव्य सांगणे अशक्य. आणि ही गोष्ट गर्भातली, मेंदू घडत असतानाची. सात वर्षांच्या मुलाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, जे त्या वयात मोजता मोजता मोजयंत्राच्या नाकी नऊ आणावे इतके थोडे असते, त्याच्याशी या संशोधनाचा काडीचा संबंध नाही.

परंतु संबंध जोडणारे निघाले. मेरिलँडमधील मार्क गायर या वैद्याने, आणि ज्याच्यापाशी वैद्यकीची सनदच नव्हती अशा त्याच्या मुलाने, असा सिद्धांत मांडला, की लसींतील पारा टेस्टोस्टेरॉनला चिकटून शरीरात अडकतो, सबब टेस्टोस्टेरॉन उतरवले की पारा सुटेल आणि मूल सुधारेल. त्यासाठी त्यांनी निवडलेले औषध ल्युप्रॉन होते: पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांत ज्याचा उचित उपयोग होतो, परंतु जे लैंगिक ग्रंथींचे काम जवळजवळ ठप्प करते, असे इंजेक्शन. ते त्यांनी धडधाकट शरीराच्या स्वमग्न मुलांना दिले. त्या मुलांच्या फाईलींतही संप्रेरकांचे अहवाल होते, तपासण्यांच्या लांबच लांब याद्या होत्या, आणि 'अकाली यौवना'चे निदान लिहिलेले होते. मेरिलँडच्या वैद्यक मंडळाने ती दप्तरे तपासली तेव्हा ते निदान आधाराविना केल्याचे आढळले. २०११ साली मार्क गायरची सनद स्थगित झाली आणि २०१२ साली ती काढून घेण्यात आली. ज्यांना असे वाटते की जास्तीची एक तपासणी केल्याने कोणाचे काय बिघडते, त्यांनी या प्रकरणाची कागदपत्रे अवश्य वाचावीत. तेथे दुष्कृत्याची सुरुवात सुईने नव्हे, अहवालाने झाली होती.

तर मग संप्रेरकांचा या मुलांना काहीच उपयोग नाही काय? एकाचा आहे, आणि तो सिद्ध आहे. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना रात्री झोप लागत नाही, बारा-एक वाजेपर्यंत ती घरभर हिंडतात, आणि त्यांच्याबरोबर सारे घर जागते. मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक सावकाश विरघळणाऱ्या छोट्या गोळीच्या रूपाने दिल्यास अशा मुलांची झोप तेरा आठवड्यांत सरासरी सुमारे तासभराने वाढली, आणि बनावट गोळीने जेमतेम नऊ मिनिटांनी, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२५ मुलांच्या चाचणीत दिसले; युरोपात त्यानंतर या गोळीला रीतसर मान्यता मिळाली. यातील मर्माची गोष्ट ही, की ती गोळी कोणाच्याही रक्तातील मेलाटोनिनचा आकडा पाहून दिलेली नव्हती. झोपेच्या वेळा बांधणे, दिवे मंद करणे वगैरे उपाय आधी करून झाले होते, तरी मूल झोपत नव्हते, म्हणून ती दिली. उपचार मुलावर झाला, अहवालावर नाही. त्याने स्वमग्नता गेली नाही, जाण्याचा प्रश्नही नव्हता. आई झोपली, मूल झोपले, आणि सकाळच्या वाचोपचाराला दोघे ताजेतवाने पोचले.

आणि एक तपासणी मात्र, या साऱ्या जाडजूड फाईलींतून निवडून काढून, मी हट्टाने करावयास सांगेन. जे मूल उशिरा बोलते, त्याचे कान आणि त्याची थायरॉईड ग्रंथी, दोन्ही पाहून घ्यावीत. थायरॉईडची उणीव म्हणजे स्वमग्नता नव्हे. परंतु जन्मतःच ती ग्रंथी नसली वा अपुरी असली, तर मूल मंदावते, आणि ते मंदावणे कधी कधी दुसऱ्याच नावाखाली वर्षानुवर्षे दवाखाने फिरते. येथे आकड्याला आरोपी म्हणण्याचा अधिकार आहे, कारण आकडा दुरुस्त केला की मूल दुरुस्त होते, मात्र तो जन्मानंतरच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत दुरुस्त झाला पाहिजे. उशीर झाला तर बुद्धीचे जे नुकसान होते ते पुढे कोणत्याही गोळीने भरून येत नाही. असे मूल सुरुवातीला आजारी दिसतही नाही. ते झोपाळू असते, कमी रडते, त्याची कावीळ जरा रेंगाळते, आवाज जरा घोगरा येतो; आणि घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, "बाळ मोठं शहाणं हो, अगदी त्रास म्हणून देत नाही!"

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत ही व्याधी सुमारे १,१७२ जन्मांमागे एकात आढळली. थायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे, मिळते तालुक्याच्या गावीही, आणि चुरून आईच्या दुधातून देता येते. क्वेबेक प्रांतात १९७४ पासून प्रत्येक नवजात बालकाच्या रक्ताचा थेंब यासाठी तपासला जाऊ लागला, आणि पुढारलेल्या देशांत तो आज इतका नित्याचा आहे की कोणी त्याची चर्चाही करीत नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बालकांच्या अशा तपासणीचा उपक्रम हाती घेतला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत मात्र ही व्याधी 'ऐच्छिक' या शेऱ्यासह येते. ज्या राज्यात शहरातले मूल सातव्या वर्षी दहा निरुपयोगी संप्रेरके मोजून घेते, तेथे खेड्यातल्या बाळाचे एक उपयोगी संप्रेरक पहिल्या आठवड्यात मोजले जाईल याची हमी नसावी, हे मला आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या ताळेबंदातील सर्वांत लाजिरवाणे कलम वाटते.

अडचण सांगितली जाते ती अशी, की टाचेतून थेंब घेण्याची योग्य वेळ दोन दिवस उलटल्यानंतरची, आणि सरकारी दवाखान्यातून बाळंतीण बहुधा दोन दिवसांत घरी जाते. ही अडचण खरी आहे, पण अनुल्लंघ्य नाही. नाळेतले रक्त जन्माच्या क्षणीच घेता येते, आणि बालकांच्या संप्रेरकतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने तो पर्याय मान्य केलेला आहे. शिवाय दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहण्यासाठी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जावे असा सरकारचाच दंडक आहे. वजनकाटा आणि तापमापक तिच्या पिशवीत असतात, त्यांत टिपकागदाचा एक तुकडा आणि एक निर्जंतुक सुई घालण्याचा, तो कागद जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवण्याचा, आणि निकाल वाईट आला तर त्याच आठवड्यात त्या घरी गोळी पोचवण्याचा हुकूम काढायला मुंबईतील सरकारला कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागणार नाही.